पियानोवर गेलेली गाणी

भास्कर देवरे गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा मी दुकानात एका मंडपवाल्याशी जुन्या स्पीकरच्या जोडीवरून हुज्जत घालत होतो. फोन पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमधून होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "देवरे मास्तरांच्या डायरीत पहिला नंबर तुमचा निघाला, म्हणून तुम्हाला लावला. सकाळी द्राक्षांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना बसल्या जागी गेले." मी 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि मंडपवाल्याला म्हणालो, "ने. तू म्हणशील त्या भावात ने." तो दचकला. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून असं वाक्य त्याने ऐकलं नव्हतं. स्पीकर फाटलेले असणार असं त्याला वाटलं असावं. तो न घेताच निघून गेला.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. भास्कर माझ्या स्टुडिओत सहा वर्षं संगीत संयोजक होता. तो भांडून गेला, आणि जाता जाता माझ्या कॉम्प्युटरमधल्या गाण्यांचे सगळे आवाज पुसून गेला, असं मी नाशिकभर सांगितलं. ज्या शहरात तेव्हा मोजून चार-पाच स्टुडिओ होते, तिथे एवढं सांगणं पुरेसं होतं. त्याने काहीही पुसलेलं नव्हतं. हे मला तो जिवंत असतानाच कळलं होतं. जवळजवळ चार वर्षं मला माहीत होतं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही… त्यालाही नाही. या लेखात पुढे माझा रागही येईल, कारण तो अजून गेलेला नाही. पण एवढं आधी छापून यावं.

आमची ओळख एका लग्नात झाली. लाउडस्पीकर माझे, बँड सटाण्याचा. दहावीनंतर मी एका मंडपवाल्याकडे वायरी ओढायला लागलो होतो आणि तिथून स्वतःच्या चार कर्ण्यांपर्यंत आलो होतो. मला कुणी काही फुकट दिलं नाही, त्यामुळे मीही कुणाला सोडत नसे. त्या दिवशी माझा ॲम्प्लिफायर सारखा घुमत होता. बँडमधला क्लॅरिओनेटवाला, काळा, किडकिडा, टोपी कपाळावर आलेला, नवरदेव घोड्यावरून उतरत असताना सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "शेठ, तुन्हा डबा काळी चारमा रडी राहिना." माझा डबा काळी चारच्या सुरात रडतोय म्हणे! मी म्हणालो, "तुला काय करायचंय? तू फुंक." तो दोन पावलं गेला, परत आला आणि म्हणाला, "काळी चार नाही. केसभर खाली आहे. म्हणून जास्त त्रास होतोय." नुकतेच चार कर्णे घेतलेल्या माणसाला 'शेठ' म्हणण्यात काय टोमणा होता ते मला कळलं होतं. पण त्याचा कानही कळला. पुढे पंचवटीत दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन मी स्टुडिओ काढला, तेव्हा सटाण्याला जाऊन मी त्यालाच घेऊन आलो.

स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना लासलगावहून आणलेली कांद्याची गोणपाटं, तीन थर, वर कापड. आवाज घुमायचा थांबला, वास मात्र थांबला नाही. पावसाळ्यात गाणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. भास्कर म्हणायचा, "भक्तिगीतं इथेच करायची. भाव आपोआप येतो." त्याच्याजवळ बसून काम करणाऱ्याला दिवस मोठा वाटत नसे, हे मी कबूल करतो.

पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. वादकांचा ताफा बोलावणं परवडेनासं झालं होतं आणि मुंबईत सगळे कॉम्प्युटरवर संगीत करायला लागले होते. कॉम्प्युटर मी मिळवला. त्याला जोडायचं जपानी साउंड मॉड्यूल घ्यायला आम्ही दोघं मुंबईला गेलो. दुकानाच्या दारात मी त्याला बजावलं, "तोंड उघडायचं नाही. चेहरा असा ठेव की घरी मयत झालंय." मी अर्धा तास त्या दुकानदाराला घोळवला. डब्याला ओरखडा आहे, मॉडेल जुनं आहे, नाशिकला दुरुस्तीला कुणी नाही, सगळं काढलं. दुकानदार खाली येत होता. तेवढ्यात कानाला हेडफोन लावून बसलेला भास्कर, आपण किती मोठ्याने बोलतोय याचं भान नसल्याने, ओरडला, "शेठ! ह्याच्यातली सनई ऐक! हे सोडू नको, काही झालं तरी सोडू नको!" दुकानदार हसून मला म्हणाला, "अब क्या बोलते हो, सेठ? सौदा तो आपके आदमी ने कर दिया." परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. घाट लागल्यावर तोच म्हणाला, "भाव तू बघायचा, आवाज मी बघायचा, असंच ठरलं होतं ना?" मांडीवर तो डबा त्याने नाशिकपर्यंत तान्ह्या लेकरासारखा धरला होता.

हा डबा काय करतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच्यात सोळा चॅनल असतात. सोळा वादक एका रांगेत बसलेत असं समजा. कॉम्प्युटर प्रत्येकाला त्याचे सूर पाठवतो. कधी, कुठला, किती जोरात. पण कुणी कुठलं वाद्य हातात घ्यायचं, हे वेगळं सांगावं लागतं. पहिल्याने सनई, दुसऱ्याने बासरी, तिसऱ्या-चौथ्याने व्हायोलिन. दहावा चॅनल तालाचा, तो ठरलेलाच. ज्याला काही सांगितलं नाही तो मुकाट पियानो वाजवतो, कारखान्यातून येताना त्यांना तसंच बसवलेलं असतं. आता हे सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक, गाण्याच्या फाइलमध्येच सुरुवातीला लिहून ठेवायचं, म्हणजे गाणं उघडलं की डबा आपोआप तयार. दुसरी, डब्याची बटणं दाबून हाताने लावायचं. शहाणा माणूस पहिली रीत वापरतो. भास्कर दुसरी वापरायचा.

तो सकाळी आठला यायचा आणि एकेक चॅनल लावत बसायचा. सनईचा आवाज निवडायचा, मग तिच्याखाली तेच सूर वाजवणारी एक दबकी बासरी, इतकी बारीक की ती आहे हे कळू नये. मग कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोण किती मागे. तासभर जायचा. मी अकराला यायचो, तोवर सगळं लागलेलं असायचं. कधी लवकर गेलो आणि तो बटणांशी खेळताना दिसला की माझं डोकं फिरायचं. "काल लावलं होतंस ना? मग आज काय?" तो म्हणायचा, "तबलेवाला काल लावलेला तबला आज तसाच वाजवतो का? आज गाणारी सर्दी घेऊन आली आहे. तिच्याबरोबर कालची सनई टोचेल." मला हे नखरे वाटायचे. मी ते मनावर घेतलं नाही.

त्या सहा वर्षांत आम्ही सप्तशृंगीच्या गाण्यांच्या कॅसेटी केल्या, अहिराणी लग्नगीतं केली, निवडणुकीची गाणी केली. चैत्रात गडावर जाणाऱ्या जीपगाड्यांतून आमची गाणी वाजायची. वणीच्या स्टँडवर एकदा चहा पिताना समोरच्या टपरीवर आमचीच कॅसेट लागली, तर भास्कर कप खाली ठेवून उभा राहिला. मला वाटलं खूश झाला. तो म्हणाला, "तिसरा चॅनल जास्त झाला रे. आता सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जातोय." कौतुक झेपत नसे त्याला. कॅसेटच्या वेष्टनावर 'संगीत' म्हणून माझं नाव आणि 'संयोजन' म्हणून त्याचं, तेही लहान अक्षरांत, हे माझंच काम. त्याने त्यावर कधी शब्द काढला नाही, हेही मला खटकायचं. माणसाने भांडावं. भांडला की त्याची किंमत कळते.

भांडण शेवटी झालं ते मालेगावच्या एका कॅसेट व्यापाऱ्यासमोर. त्याला देवीची तीच नऊ गाणी दुसऱ्या गायकाकडून हवी होती, गायिकेऐवजी पुरुषाच्या आवाजात, खालच्या पट्टीत, चैत्राच्या आत. मी हो म्हणून बसलो होतो. भास्कर म्हणाला, "पट्टी उतरली की सगळे आवाज नव्याने बसवावे लागतील. गाण्याला दोन दिवस." व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "कॉम्प्युटरमध्ये पट्टी बदलायला एक बटण लागतं." भास्कर म्हणाला, "मग तूच दाब." तिथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "सटाण्याला वरातीत पिपाणी फुंकत होतास. खुर्चीवर मी बसवला तुला." तो उठला. डब्यावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. मी व्यापाऱ्याला म्हणालो, "उद्या या, गाणी तयार." संध्याकाळी रागाच्या भरात मेन स्विच खाडकन खाली ओढला आणि कुलूप लावून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला समोर बसवून मी पहिलं गाणं उघडलं. पियानो. सनईच्या जागी पियानो, बासरीच्या जागी पियानो, व्हायोलिनच्या ताफ्याच्या जागी पियानो. दहाव्या चॅनलवरचा ताल तेवढा शाबूत, आणि त्याच्यावर चौदा-पंधरा पियानो एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. दुसरं गाणं उघडलं, तेच. नऊच्या नऊ. मग जुनी उघडली, तीही तशीच. व्यापारी म्हणाला, "शेठ, ही देवीची गाणी आहेत की इंग्रजी शाळेतली प्रार्थना?" आणि निघून गेला. त्याने ती गाणी दुसरीकडे करून घेतली. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती मी त्याच दिवशी दुपारपर्यंत तिघांना सांगितली होती. भास्कर सगळं पुसून गेला.

मी व्यापारी माणूस. एखादी गोष्ट कशी खपवायची ते मला कळतं. दर वेळी सांगताना मी तिला थोडी धार काढली. "डब्यावरून हात फिरवला, तेव्हाच मला संशय आला होता," असंही मी म्हणायला लागलो. हे ऐकल्यावर आपल्या मशिनला कोण त्याला हात लावू देणार? काही दिवस तो ऑर्केस्ट्रात वाजवत होता, तिथेही ही गोष्ट पोचली. पंचवटीत हार्मोनियमचे वर्ग घेतले, ते चालले नाहीत. मग तो पिंपळगावला पॅकहाउसमध्ये लागल्याचं कळलं. थंड खोलीत पेट्या तपासायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. मला वाईट वाटलं नाही. त्याने माझं नुकसान केलं होतं, त्याचं होत होतं… हिशेब बरोबर वाटला.

नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा कामाला प्रज्ञा आली. ध्वनिमुद्रणाचं शिकलेली, हुशार, तोंडाने फटकळ. जुन्या फायली नव्या मशिनवर आणताना ती म्हणाली, "काका, या गाण्यांत कुठला चॅनल कुठलं वाद्य, हे लिहिलेलंच नाही." मी म्हणालो, "पुसलंय." आणि सगळी गोष्ट सांगितली, धारेसकट. ती ऐकून म्हणाली, "त्याआधीची एखादी फ्लॉपी आहे?" होती. भांडणाच्या दोन वर्षं आधीची, माझ्या अक्षरातली, दुकानाच्या कपाटात माझ्याच कुलपात. तिने ती लावली. पियानो. मी म्हणालो, "फ्लॉपी खराब असेल." तिने दुसरी लावली, तिसरी लावली. मग तिने विचारलं, "तुम्ही संध्याकाळी मॉड्यूल बंद करायचात का?"

एकदा शॉर्टसर्किटने वायरिंग जळल्यापासून स्टुडिओ सोडताना मेन स्विच बंद करायचा, हा माझा नियम होता आणि तो मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. तो डबा बंद झाला की सगळे आवाज विसरायचा. म्हणजे डबा आल्यापासून रोज संध्याकाळी ते आवाज मी स्वतः पुसत होतो, आणि रोज सकाळी भास्कर ते परत लावत होता. मी अकराला यायचो.

प्रज्ञा म्हणाली, "फाइलमध्ये लिहून ठेवायला काय झालं होतं त्यांना? दोन मिनिटांचं काम." मी त्या वाक्याला धरून बसलो. खरंच आहे ते. धंद्याच्या दृष्टीने त्याची रीत चूकच होती, आणि ते मी आजही म्हणतो. ज्याच्या जिवावर दुकान चालतं ते माणसाने फक्त स्वतःच्या कानात ठेवू नये. आणि मी त्याला चोर म्हणत फिरत होतो तेव्हा त्याने येऊन एक वाक्य का बोलू नये? 'डबा बंद केलास, म्हणून गेलं,' एवढंच. या दोन तक्रारी हाताशी धरून मी चार वर्षं काढली. त्याने आधी यावं, मग मी बोलेन. सौद्यात जो पहिल्यांदा आकडा बोलतो तो खाली येतो, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. मी वाट बघत राहिलो.

गेल्या द्राक्षांच्या हंगामात आमची शेवटची भेट झाली. त्या पॅकहाउसच्या मालकाला आवारात लाउडस्पीकर बसवून हवे होते. भास्कर तिथे असणार हे मला माहीत होतं, आणि मी गेलो ते माहीत असूनच. मार्चच्या उन्हात तो थंड खोलीतून बाहेर आला, अंगात स्वेटर, कानाला मफलर, बोटं जांभळट. मला बघून थांबला. आजूबाजूला पेट्या भरणाऱ्या दहा-बारा बायका होत्या. तो हसून म्हणाला, "काय शेठ, आवाज सापडले का?"

चौकशी होती की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण माझं टाळकं सरकलं. आणि मी, सगळं माहीत असलेला मी, त्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पुसलेले कधी सापडतात का?" त्याने वर खांबाकडे बघितलं. मग म्हणाला, "स्पीकर त्या खांबाला नको लावू, पत्र्याला लागून घुमेल," आणि आत गेला. मी स्पीकर त्याच खांबाला लावले. ते घुमतात.

त्याचा दहावा गंगेवर, गोदावरीच्या घाटावर झाला. विधी आटोपल्यावर शोभावहिनींनी, म्हणजे भास्करच्या बायकोने, मला बाजूला बोलावलं. "भाऊ, एक विचारते. खरं सांगाल? यांनी ते आवाज पुसले होते का हो?"

मी उलट विचारलं, "तो काय म्हणाला होता तुम्हाला?"

"काही नाही. मी एकदाच विचारलं होतं. त्यावर 'तू पण?' म्हणाले, आणि महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. म्हणून मला वाटलं… पुसले असतील रागात. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले."

माझी सगळी गणितं तिथे घाटावर पडली. मी म्हणालो, "नाही वहिनी. त्याने काही पुसलं नव्हतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

इथेही मला खोटं बोलता आलं असतं. म्हणालो, "चार वर्षं झाली."

त्यांनी ओल्या पायऱ्यांकडे बघत पदर नीट केला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग आता? ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा. मी त्यातली एक होते. झालं माझं."

मी सांगायला सुरुवात केली. एका स्टुडिओवाल्याकडे गेलो, तर तो चहा मागवून म्हणाला, "जाऊ द्या हो आता. गेला बिचारा. माफ करून टाका." मी परत परत सांगितलं की माफ करायचं मला काही नाही, त्याने केलंच नव्हतं. तो मान हलवत राहिला. दुसरा म्हणाला, "मोठं मन आहे तुमचं." खोटं सांगितलं तेव्हा एका दुपारी विश्वास बसला होता. खरं ऐकायला कुणी तयार नाही, उलट माझीच पत वाढते आहे… म्हणून हे लिहून देतो आहे.

तो डबा अजून माझ्याकडे आहे, चालतो. हल्ली सकाळी आठला मी स्टुडिओत जातो. एका टेपवर जुनी कॅसेट लावतो, दुसरीकडे गाणं उघडतो आणि एकेक चॅनल लावायला बसतो. मला सूर कळत नाही, आवाजांची तुलना तेवढी करता येते. सनई सापडली. व्हायोलिन सापडली. पण काही चॅनल असे आहेत की कॅसेटमध्ये ते ऐकूच येत नाहीत, आणि बंद केले तर गाणं पोकळ होतं. त्यांच्यावर मी एकेक वाद्य घालून बघतो. कुठलंच ते नसतं. प्रज्ञा म्हणते, "काका, जेवढे मिळालेत तेवढे फाइलमध्ये लिहून टाका, रोज कशाला?" मी म्हणतो, थांब, अजून बरोबर नाही.

काल अकरा चॅनल लागले होते. साडेदहाला लोडशेडिंगने वीज गेली. साडेबाराला आली. मी गाणं लावलं, पियानो सुरू झाला, आणि मी पहिल्या चॅनलवर परत सनई लावायला घेतली.